फुफ्फुसाचा कॅन्सर: केमो-इम्युनो झाल्यावर ऑपरेशन कुणाचं करायचं, कुणाचं नाही?

सह्यकडा

नॉन-स्मॉल सेल प्रकारचा फुफ्फुसाचा कॅन्सर, तिसरा टप्पा. छातीच्या मधल्या भागातले, म्हणजे मिडियास्टायनममधले, त्याच बाजूचे नोड (लसिकाग्रंथी) पॉझिटिव्ह, म्हणजे त्यांत कॅन्सर, अर्थात एन-टू. केमो आणि इम्युनोथेरपीच्या तीन सायकल झाल्या, पेट-सीटीत गाठ निम्मी दिसते. घरचे विचारतात, "आता ऑपरेशन होईल ना?" ट्यूमर बोर्डातली (सगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीतली) चर्चाही बऱ्याचदा इथूनच सुरू होते, आणि तिथेच घोटाळा होतो.

ऑपरेशन होण्यासारखं आहे का, हे पहिली सलाइन लावायच्या आधी ठरायला हवं. छातीचा सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिएशनवाले आणि रेडिओलॉजिस्ट यांनी पहिला सीटी एकत्र बघायचा आणि फुफ्फुसाचा कोणता खंड काढणार, कोणत्या स्टेशनचे (नंबर दिलेल्या गटाचे) नोड पॉझिटिव्ह आहेत, मागे किती फुफ्फुस उरणार हे फाइलमध्ये लिहून ठेवायचं. उपचारानंतर एवढंच तपासायचं, की तेव्हा लिहिलेलं आजही खरं आहे का.

"आधी केमो देऊ, गाठ लहान झाली तर बघू" हा मार्ग सोयीचा वाटतो, पण त्यात रुग्ण मधल्यामध्ये लटकतो. तीन महिन्यांनी सर्जन पहिल्यांदा स्कॅन बघतो आणि म्हणतो, हे माझ्याकडचं काम नाही. तोवर केमोबरोबर लगेच रेडिएशन सुरू करायची उत्तम वेळ निघून गेलेली असते. खूप पसरलेले, एकमेकांत मिसळलेले नोड, विरुद्ध बाजूचे किंवा गळपट्टीच्या हाडावरचे नोड (एन-थ्री), अन्ननलिकेत किंवा हृदयात घुसलेली गाठ असेल, तर पहिल्या दिवसापासून केमो-रेडिएशनचा रस्ता धरावा. गाठ लहान झाली म्हणून असा रुग्ण शस्त्रक्रियेच्या रांगेत येत नाही.

एन-टू म्हणजे एकच आजार असंही समजू नका. टीएनएमच्या, म्हणजे कॅन्सरचा टप्पा ठरवायच्या पद्धतीच्या, नवव्या आवृत्तीने (जानेवारी २०२५ पासून वापरात) त्याचे दोन भाग केले: एकाच स्टेशनचा एन-टू-ए आणि एकापेक्षा जास्त स्टेशनांचा एन-टू-बी. निवडीसाठी हा फरक फार मोलाचा आहे.

प्रत्येकाने आपापल्या शाखेतलं नेमकं लिहावं: कोणती तपासणी, केव्हा, आणि कुठे चूक होते.

---

नवा_निवासी

सर, पहिला प्रश्न माझा. उपचारानंतर कोणत्या तपासण्या परत करायच्या आणि शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी? आमच्याकडे कुणी दोन आठवड्यांनी स्कॅन सांगतं, कुणी सहा.

---

कृष्णधवल

शेवटच्या सायकलनंतर ३ ते ४ आठवड्यांनी छाती आणि पोटाचा वरचा भाग (लिव्हर, ॲड्रिनल धरून) कॉन्ट्रास्ट देऊन सीटी आणि सोबत पेट. दोन आठवड्यांनी केलेल्या पेटवर केमोचा परिणाम अजून ओसरलेला नसतो. सहा आठवड्यांनी केला तर ऑपरेशनची वेळच टळते, कारण ऑपरेशन साधारण ४ ते ६ आठवड्यांत व्हायला हवं. मेंदूचा एमआरआय सुरुवातीला झालाच पाहिजे, आणि तिसऱ्या टप्प्यात ऑपरेशनआधी पुन्हा केलेला बरा. मेंदूतला छोटा डाग पेटवर हमखास निसटतो, कारण मेंदू मुळातच साखर भरपूर घेतो.

शक्य तर पेट आधीच्याच मशीनवर, तितक्याच वेळेच्या अंतराने करा. दोन वेगळ्या सेंटरचे एसयूव्ही (गाठ किती साखर खेचते त्याचे) आकडे शेजारी ठेवून "८.२ वरून ५.९ झाला" म्हणण्यात अर्थ नाही. मधुमेही रुग्णाची साखर २०० च्या आत आणूनच इंजेक्शन द्यावं.

आता इम्युनोथेरपीनंतरच्या वाचनाबद्दल, कारण चुकीने नाकारलेल्या रुग्णांपैकी बरेच इथे अडकतात. सीटीवर गाठ जेमतेम १५ टक्के लहान दिसते, रेसिस्टच्या (स्कॅनवर गाठ मोजायच्या ठरलेल्या निकषांच्या) मापाने ती "स्टेबल" ठरते (पार्शल रिस्पॉन्ससाठी ३० टक्के घट लागते), आणि काढल्यावर आत जिवंत पेशी जवळपास नसतात, नुसता व्रण आणि दाहाच्या पेशी. याच्या उलटही घडतं. आकारावरून आतलं कळत नाही.

दुसरं म्हणजे नोडचा भडका. इम्युनोथेरपीनंतर आधी थंड असलेले नोड पेटवर तापतात, आकारानेही वाढतात, आणि बायोप्सीत निघतात सार्कॉइडसारखे ग्रॅन्युलोमा, म्हणजे कॅन्सर नव्हे, दाहाच्या गुठळ्या. दोन्ही हायलमचे (फुफ्फुसाच्या मुळाशी असलेले) नोड सारखेच उजळले आणि मूळ गाठ मात्र आक्रसली, तर आधी याचीच शंका घ्या. माझ्या रिपोर्टमध्ये अशा वेळी "प्रोग्रेशन" हा शब्द नसतो. "नवीन सक्रिय नोड, ऊतक तपासणी आवश्यक" असं लिहितो. एन-थ्री किंवा लांबचा डाग नुसत्या पेटवरून पॉझिटिव्ह धरून कुणाचं ऑपरेशन रद्द करू नये.

छातीत नव्याने पाणी दिसलं तर ते काढून सायटॉलॉजीला (पेशींच्या तपासणीला) पाठवा. एकदा निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. शंका असेल तर ऑपरेशनच्या सुरुवातीला दुर्बीण घालून प्लुरा (फुफ्फुसाभोवतीचं आवरण) नीट बघून घ्यावा, मगच पुढे जावं.

---

औषधमात्रा

कृष्णधवल यांच्या वेळापत्रकाशी पूर्ण सहमत. मी आणखी मागे जातो, पहिल्या डोसच्या आधी.

ईजीएफआर आणि एएलके (गाठीतल्या जनुकांचे बदल) तपासल्याशिवाय इम्युनोथेरपी सुरू करू नका. आपल्याकडे फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात ईजीएफआर बदलाचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास आहे, पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा बरंच जास्त. ऑपरेशनआधी केमो-इम्युनो देणाऱ्या चेकमेट ८१६ या चाचणीत ज्ञात ईजीएफआर किंवा एएलके बदल असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. या गटाला इम्युनोथेरपीचा फायदा कमी होतो, आणि नंतर ओसिमर्टिनिब (ईजीएफआर बदलावरची गोळी) द्यायची वेळ आली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो, विशेषतः इम्युनोच्या शेवटच्या डोसनंतर तीन महिन्यांच्या आत सुरू केल्यास. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात म्हणून घाई होते, ते समजतं. फारच निकड असेल तर पहिली सायकल नुसत्या केमोची द्या आणि रिपोर्ट आल्यावर इम्युनो जोडा.

आकडे माहीत असू द्या, कारण रुग्णाला सांगावे लागतात. चेकमेट ८१६ मध्ये ३५८ रुग्ण होते, टप्पा एक-बी (४ सेंमी किंवा मोठी गाठ) ते तीन-ए, तेव्हाच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे. निव्होलुमॅब ३६० मिग्रॅ आणि प्लॅटिनम केमो, दर तीन आठवड्यांनी, तीन सायकल. गाठ आणि नोड दोन्हींत जिवंत पेशी शून्य, असं इम्युनोच्या बाजूला २४ टक्के, नुसत्या केमोत २.२ टक्के. आजार न वाढता किंवा परत न येता गेलेल्या काळाची मध्यसंख्या ३१.६ महिने विरुद्ध २०.८ महिने. पाच वर्षांनी हयात ६५.४ टक्के विरुद्ध ५५ टक्के.

माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे ८३.२. इम्युनोच्या बाजूच्या शंभरातल्या साधारण ८३ जणांचं ऑपरेशन झालं, उरलेल्यांचं झालं नाही. त्यात आजार वाढलेले सुमारे ७ टक्के, औषधाच्या दुष्परिणामामुळे थांबलेले फक्त १ टक्क्याच्या आसपास, बाकीच्यांची कारणं इतर: रुग्णाने नकार दिला, फुफ्फुसाची ताकद पुरेना, गाठ निघण्यासारखी राहिली नाही. म्हणजे निवडक रुग्ण घेऊनही सहापैकी एक जण टेबलापर्यंत पोचत नाही. हे पहिल्याच भेटीत सांगावं, नंतर सांगितलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

ऑपरेशनआधी रक्तात नेहमीच्या गोष्टींबरोबर टीएसएच, सकाळी ८ चं कॉर्टिसॉल, लिव्हरची एन्झाइम्स, ट्रोपोनिन आणि ईसीजी बघा. सिस्प्लॅटिन झालं असेल तर क्रिएटिनिन. कॉर्टिसॉल विसरलं जातं ते असं: रुग्ण थकलेला असतो, सोडियम जरा कमी असतं, सगळे म्हणतात केमोमुळे असेल.

---

शांतनिद्रा

कॉर्टिसॉलला जोरदार अनुमोदन. इम्युनोथेरपीने पिट्युटरी किंवा ॲड्रिनलला मार बसलेला असेल आणि कुणाच्या लक्षात आलं नसेल, तर भूल दिल्यावर बीपी घसरतं आणि नॉरॲड्रिनलिन वाढवत गेलं तरी हलत नाही. आधी कळलं असेल तर काम सोपं: भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून, पुढचे २४ तास २०० मिग्रॅ सावकाश. थायरॉइड फार खाली असेल तर तारीख पुढे घ्यावी. फुफ्फुसाच्या ताकदीवर सविस्तर लिहितो थोड्या वेळाने.

---

दीर्घश्वास

नोडच्या नमुन्याबद्दल. पेट नोडबद्दल अंदाज देतो, निर्णय ऊतकावर. आपल्या भागात तर दुप्पट खरं, कारण जुना टीबी, चुलीचा आणि विडीचा धूर, त्यामुळे काळे पडलेले नोड. हे सगळे पेटवर उजळतात. नमुन्यातला एक भाग जीनएक्स्पर्टसाठी (टीबीच्या तपासणीसाठी) साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवा. सगळा नमुना फॉर्मालिनमध्ये टाकला की टीबीची तपासणी संपली.

ईबीयूएस (श्वासनलिकेतून सोनोग्राफीने बघत नोडमध्ये सुई) करताना क्रम मोडू नका. आधी विरुद्ध बाजूचे नोड (एन-थ्री), मग मधले (एन-टू), शेवटी गाठीच्या बाजूच्या हायलमचे (एन-वन). गाठ उजवीकडे असेल तर ४-एल, मग ७, मग ४-आर. उलट केलं तर गाठीजवळच्या पेशी सुईवर चढून वरच्या स्टेशनला जातात, नसलेला एन-थ्री रिपोर्टमध्ये येतो आणि रुग्ण ऑपरेशनला मुकतो. ५ मिमीपेक्षा मोठा दिसेल तो प्रत्येक नोड, प्रत्येकात निदान तीन वेळा सुई, दर वेळी आत दहा-पंधरा वेळा मागे-पुढे. शेजारी सायटॉलॉजिस्ट बसला असेल तर उत्तम. स्लाइडवर लिम्फोसाइट्स दिसले नाहीत तर तो रिपोर्ट "निगेटिव्ह" नव्हे, तो अपुरा नमुना. या एका शब्दाच्या चुकीने किती निर्णय फिरतात!

५ आणि ६ नंबरची स्टेशनं (महाधमनीजवळची) ईबीयूएसच्या आवाक्यात नसतात. डाव्या वरच्या खंडाच्या गाठीत तीच आधी बाधित होतात. तिथे छातीत दुर्बीण किंवा पुढून छोटा छेद.

एक नियोजन सुरुवातीलाच हवं: पहिल्यांदा नोड ईबीयूएसने तपासा, मिडियास्टिनोस्कोपी (मानेखाली छेद घेऊन दुर्बिणीने नोड काढणं) राखून ठेवा. उपचारानंतर ईबीयूएसची नजर मंद होते, व्रणात विखुरलेल्या पेशी सुईत येत नाहीत. उपचारानंतर ईबीयूएस पॉझिटिव्ह आला तर विश्वास ठेवा, निगेटिव्ह आला आणि शंका असेल तर मिडियास्टिनोस्कोपी. ती आधीच एकदा झालेली असेल तर दुसऱ्यांदा सगळं चिकटलेलं असतं आणि मोठ्या शिरांजवळ काम जोखमीचं होतं.

---

नवा_निवासी

मग उपचारानंतरही एन-टू पॉझिटिव्ह राहिला तर ऑपरेशन नाहीच, असं समजायचं का?

---

सह्यकडा

नुसत्या केमोच्या काळात आम्ही तसंच करायचो, आणि त्याला आधार होता. केमोनंतर मिडियास्टायनम साफ झालं त्यांचे निकाल चांगले, नोड तसेच राहिले त्यांचे वाईट. ईओआरटीसी ०८९४१ या युरोपातल्या चाचणीत (२००७) केमोला प्रतिसाद दिलेल्या, पण मुळात ऑपरेशनजोगा न मानलेल्या एन-टूच्या ३३२ रुग्णांना ऑपरेशन की रेडिएशन असं वाटून दिलं. जगण्यात फरक आला नाही. तेव्हापासून माझा नियम: अनेक स्टेशनांचा आजार औषधांनंतरही टिकून असेल तर चाकू नको.

---

औषधमात्रा

इथे माझा मतभेद आहे. चेकमेट ८१६ मध्ये किंवा कीनोट ६७१ मध्ये (पेम्ब्रोलिझुमॅबची तशीच चाचणी) उपचारानंतर मिडियास्टायनम साफ असल्याचा पुरावा मागून मग ऑपरेशन असा दरवाजा नव्हता. फायद्याचे आकडे नोड टिकून राहिलेल्यांना धरून आलेले आहेत. जुन्या केमोच्या अनुभवावरचा नियम इम्युनोच्या रुग्णाला जसाच्या तसा लावला, तर ज्याला फायदा झाला असता त्यालाही परत पाठवू.

शिवाय परत पाठवायचं कुठे? केमो-रेडिएशन आणि पुढे वर्षभर डुर्व्हालुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) हा पॅसिफिक चाचणीचा मार्ग, पण त्या चाचणीत आधी इम्युनो घेतलेले रुग्ण नव्हते. तीन सायकल झालेल्या रुग्णाला तिकडे वळवताना आपण चाचणीच्या बाहेर पाऊल टाकतो, हे उघड बोलायला हवं.

---

सह्यकडा

मुद्दा मान्य, आणि म्हणूनच मी आता सरसकट नाही म्हणत नाही. एकच स्टेशन, नोड वेगळा सुटा दिसतो, आवरण फोडून बाहेर आलेला नाही, एक खंड काढून काम संपतं, रुग्ण धडधाकट: नोडमध्ये थोड्या जिवंत पेशी राहिल्या तरी मी ऑपरेशन करेन. दोन-तीन स्टेशनं टिकून, किंवा पूर्ण फुफ्फुस काढावं लागणार आणि नोडही पॉझिटिव्ह: इथे मी नाही म्हणतो आणि त्याच आठवड्यात रेडिएशनकडे पाठवतो. महत्त्वाचं ते "त्याच आठवड्यात". नकारानंतर पुढच्या तारखेसाठी महिनाभर घालवला तर आजार तेवढ्यात पुन्हा वाढतो.

उपचार चालू असताना गाठ वाढली, पण नवीन डाग नाही आणि अजून पूर्ण निघू शकते, अशा वेळी उरलेली सायकल सोडून लगेच ऑपरेशन हा पर्यायही असतो. वाढ म्हणजे आपोआप नकार नव्हे.

---

शांतनिद्रा

आता फुफ्फुसाची ताकद. सुरुवातीच्या रिपोर्टवर ऑपरेशनला होकार देऊ नका. औषधांनंतर डीएलसीओ (रक्तात वायू शिरण्याची क्षमता) खाली येते, आणि एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोरात सोडलेली हवा) जागच्या जागी असल्याने ते कुणाच्या ध्यानात येत नाही. दोन्ही पुन्हा मोजा. डीएलसीओ हिमोग्लोबिनप्रमाणे दुरुस्त केलेली आहे का, हे लॅबला विचारा. पुष्कळ ठिकाणी केलेली नसते.

उदाहरण घेऊ. पुरुष, उजव्या वरच्या खंडात गाठ. आधी डीएलसीओ ६६ टक्के, हिमोग्लोबिन १३.५. नंतर डीएलसीओ ४९ टक्के, हिमोग्लोबिन १०. वरवर बघता १७ टक्क्यांची घसरण, सगळे घाबरतात. पुरुषांसाठी दुरुस्ती अशी: (१०.२२ + हिमोग्लोबिन) भागिले (१.७ × हिमोग्लोबिन). आधीचे ६६ होतात ६८, नंतरचे ४९ होतात ५८. खरी घसरण दहाची. तीही लहान नाही, पण निर्णय बदलणारी गोष्ट बरीचशी रक्तक्षय होती.

आता उरणारी ताकद. एकूण १९ भाग धरायचे: उजवीकडे वरचा खंड ३, मधला २, खालचा ५, डावीकडे वरचा ५, खालचा ४. उजवा वरचा खंड गेला तर १६/१९ उरतात. एफईव्ही-१ ७२ टक्के असेल तर उरेल ६१. डीएलसीओ ५८ ची उरेल ४९. उजवं पूर्ण फुफ्फुस काढलं तर ९/१९: एफईव्ही-१ ३४ आणि डीएलसीओ २७.

दोन्ही ६० च्या वर उरत असतील तर पुढच्या चाचणीची गरज नाही. यातलं एक जरी ३० ते ६० मध्ये असेल तर जिना किंवा शटल चाल. ३० च्या खाली गेलं तर सायकलवरची पूर्ण व्यायामचाचणी: ऑक्सिजनचा कमाल वापर किलोमागे मिनिटाला २० मिलिच्या वर असेल तर धोका कमी, १० च्या खाली असेल तर ऑपरेशन नको. मधल्यांसाठी बसून विचार.

---

दीर्घश्वास

शांतनिद्रा, आकडेमोड बरोबर, पण एक भर घालतो, कारण यात नेहमी चूक होते. भाग मोजताना चालू असलेलेच भाग मोजायचे. गाठीने वरच्या खंडाची श्वासनलिका बंद केली असेल आणि तो खंड बसलेला असेल, तर त्याचे ३ भाग आजच्या एफईव्ही-१ मध्ये नाहीतच. एकूण धरा १६. तो खंड काढल्याने काही जात नाही. पूर्ण उजवं फुफ्फुस काढलं तरी जातात ७, उरतात ९/१६. उपचाराने नळी उघडली की हेच गणित पुन्हा १९ वर येतं, म्हणून जुना कागद फाडून नवा करा.

आणि पूर्ण फुफ्फुस काढायचा विचार असेल तर भाग मोजत बसू नका, परफ्युजन स्कॅन (कोणत्या बाजूला किती रक्त जातं ते दाखवणारा) करा. मध्यभागी गाठ असेल तर त्या बाजूला रक्त आधीच कमी जातं. वरच्या उदाहरणात उजवीकडे ३५ टक्केच रक्त जात असेल, तर उरेल ६५ टक्के: डीएलसीओ २७ ऐवजी ३८. उत्तरच बदललं.

जिन्याबद्दल. "तीन मजले चढतो" हे माप नव्हे. लागते २२ मीटर उंची. पायरी मोजपट्टीने मोजा. १६ सेंमीची पायरी असेल तर १३८ पायऱ्या, म्हणजे वीस पायऱ्यांच्या मजल्याने जवळजवळ सात मजले. बोटाला ऑक्सिमीटर, कठड्याला हात फक्त तोल सांभाळायला, मधे थांबला तर तिथली उंची लिहा. ऑक्सिजन ४ टक्क्यांपेक्षा जास्त उतरला तर नोंद करा. शटल चालीसाठी ९ मीटरवर दोन शंकू, वळण धरून १० मीटर, बीपच्या तालावर; ४०० मीटर म्हणजे ४० फेऱ्या. गुडघे दुखणाऱ्याला जिना लावून नापास करू नका, त्याला सायकलवरची चाचणी द्या.

सिगारेट, विडी, मिश्री, सगळं पहिल्या सायकलच्या दिवशी बंद. उपचाराचे दोन-अडीच महिने हीच तयारीची वेळ आहे: रोज अर्धा तास चालणं, स्पायरोमीटरचे चेंडू, ताटात अंडी-डाळ-पनीर. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर सुरू केलेला व्यायाम उशिराचा.

---

सह्यकडा

पूर्ण फुफ्फुस काढण्याचा प्रश्न दोघांनी आणलाच आहे, तर त्यावर स्पष्ट लिहितो. इंटरग्रुप ०१३९ चाचणी (२००९) आठवतेय ना? एन-टूचे ३९६ रुग्ण, केमो आणि ४५ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशननंतर ऑपरेशन, विरुद्ध ६१ ग्रेपर्यंत रेडिएशन. एकूण जगण्यात ठोस फरक नाही. पण आत बघितलं तर खंड काढलेल्यांत ऑपरेशननंतरचे मृत्यू १ टक्का, पूर्ण फुफ्फुस काढलेल्यांत २६ टक्के: ५४ पैकी १४ जण. तेव्हापेक्षा काळजी सुधारली आहे, तरी रेडिएशननंतर उजवं पूर्ण फुफ्फुस काढायला मी तयार होत नाही.

उजवंच का, ते सांगतो. कापलेल्या श्वासनलिकेचं डाव्या बाजूचं बुंध महाधमनीखाली आत सरकतं, आजूबाजूच्या ऊतींत दडतं. उजवं उघडं राहतं आणि त्याचा रक्तपुरवठाही तोकडा. तिथे छिद्र पडलं की प्लुरात जंतू, शिल्लक एका फुफ्फुसात ते घाण पाणी उतरतं, आणि पुढची कहाणी अवघड. म्हणून बुंध झाकायला बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी घ्यावी, आणि ती रिट्रॅक्टर लावायच्या आधीच सोडवून घ्यावी. नंतर घेतली तर रिट्रॅक्टरखाली चेंगरलेली असते, तिच्यात रक्त नसतं.

निवडीच्या वेळीच विचारा: स्लीव्ह करून, म्हणजे नळीचा तुकडा कापून टोकं जोडून, फुफ्फुस वाचेल का? मध्यभागी गाठ असेल आणि आपल्याकडे स्लीव्ह होत नसेल, तर रुग्णाला ते नियमित करणाऱ्या ठिकाणी पाठवावं. चेकमेट ८१६ मध्येही पूर्ण फुफ्फुस काढण्याचं प्रमाण इम्युनोच्या बाजूला १६.८ टक्के आणि केमोच्या बाजूला २५.२ टक्के होतं. औषधाने मिळालेली ही सवलत वाया घालवू नये.

इम्युनोनंतरच्या छातीत हायलमचे नोड फुफ्फुसधमनीला सिमेंटसारखे चिकटलेले सापडतात. सीटीवर चरबीची पातळ रेघ दिसली तरी भरवसा नाही. म्हणून मुख्य धमनीला आधी पेरिकार्डियमच्या बाहेर किंवा आतून टेप घालून ठेवायची, मगच फांद्यांना हात लावायचा. दुर्बिणीतून सुरू करून उघडं करावं लागलं तर ते अपयश मानू नये. रक्तस्राव सुरू व्हायच्या आधीच उघडं केलेलं बरं. सुरुवातीला नळी जिथपर्यंत बाधित होती ते दाखवणारे ब्राँकोस्कोपीचे फोटो समोर हवेत, आणि कापलेल्या कडेचं फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच होणारी तपासणी).

---

नवा_निवासी

पॅन्कोस्ट गाठीलाही हेच लागू?

---

सह्यकडा

फुफ्फुसाच्या शेंड्याची ही गाठ वेगळी. तिथे केमो आणि ४५ ग्रे रेडिएशन एकत्र, मग ऑपरेशन हा जुना आणि टिकलेला रस्ता आहे. अमेरिकेतल्या साउथवेस्ट गटाच्या चाचणीतल्या ११० रुग्णांत पाच वर्षांनी ४४ टक्के हयात होते. तिथे एन-टू पॉझिटिव्ह असेल तर मात्र सहसा ऑपरेशन नको. आधी बाधित असलेल्या बरगड्या गाठ आक्रसली तरी काढायच्या. हाताच्या नसांच्या जाळ्यातलं सी-८ किंवा त्यावरचं मूळ बाधित असेल तर हाताचा उपयोग जाण्याची किंमत रुग्णाला आधी समजावून सांगा. एमआरआयशिवाय हा निर्णय नाही.

---

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजीकडून, थोडक्यात. गाठ काढून पाठवताना "निओॲडजुव्हंट (ऑपरेशनआधीचा औषधोपचार) झालेलं आहे, गाठ मूळ इथे होती" एवढं फॉर्मवर लिहा. लिहिलं नाही तर आमच्या हाती येतो व्रण, आणि आम्ही चुकीच्या ठिकाणाहून तुकडे घेतो. गाठीची जागा ३ सेंमीपर्यंत असेल तर सगळी ब्लॉकमध्ये घ्यायची. मोठी असेल तर अर्ध्या सेंमीच्या चकत्या, त्यातली सर्वांत मोठी प्रातिनिधिक चकती पूर्ण, आणि बाकीच्यांतूनही नमुने. मग जिवंत पेशी, मृत भाग आणि व्रण-दाह, तिघांची टक्केवारी मिळून १००. जिवंत पेशी १० टक्के किंवा कमी म्हणजे मेजर प्रतिसाद. पूर्ण प्रतिसाद (जिवंत पेशी शून्य) म्हणायला नोडही साफ हवेत. गाठीत शून्य आणि नोडमध्ये पेशी असतील तर तो पूर्ण प्रतिसाद नव्हे. नोड प्रत्येक स्टेशनचे वेगळ्या डबीत, डबीवर नंबर. एका डबीत सगळे टाकले की एन-टू-ए की एन-टू-बी, हे कुणीच सांगू शकत नाही.

---

औषधमात्रा

सूक्ष्मदर्शींच्या या रिपोर्टवर पुढचा निर्णय असतो. एक सांगून ठेवतो: नोडमध्ये पेशी राहिल्या म्हणून सरसकट ऑपरेशननंतर रेडिएशन देण्याचा काळ गेला. लंग-आर्ट चाचणीत (२०२२) त्याने फायदा सिद्ध झाला नाही. कडा पॉझिटिव्ह असेल तर गोष्ट वेगळी.

---

नवा_निवासी

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो. जिल्ह्याच्या गावाहून रुग्ण दुसऱ्या मतासाठी परळला टाटा मेमोरियलला किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात निघतो, तेव्हा त्याच्या पिशवीत काय असावं?

---

कृष्णधवल

पहिल्या आणि आताच्या, दोन्ही पेट-सीटीच्या सीडी, डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा) स्वरूपात. नुसते छापील रिपोर्ट किंवा फिल्म चालत नाहीत. फिल्मवर सर्जनला नोडचं स्टेशन मोजता येत नाही. सीडी घरच्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा, रिकामी निघते कधीकधी.

---

सूक्ष्मदर्शी

बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही. ब्लॉक दिला तर ईजीएफआर-एएलकेची तपासणी तिथे पुन्हा होऊ शकते, परत सुई टोचावी लागत नाही. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. नंबर रिपोर्टशी जुळतो का ते लॅबच्या खिडकीवरच तपासून घ्या.

---

औषधमात्रा

आणि प्रत्येक सायकलची तारीख, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असलेला डिस्चार्ज कागद. "तीन केमो झाल्या" एवढ्याने शेवटच्या डोसपासून किती आठवडे झाले, हे मोजता येत नाही.